डीफ्रॅग करू की फॉरमॅट मारू?

जुन्या पीसीच्या हार्ड डिस्कबद्दलची पत्रे साठत गेली होती, ती या अंकात एकत्र घेतली आहेत. मेनू आणि बटणांची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात. ती इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न : पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. दुकानाचा हिशेब याच मशीनवर चालतो. सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे लागतात, फाइल उघडताना डिस्कची घरघर थांबत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारू, शेजारी म्हणतो डीफ्रॅग कर. कोणाचे ऐकू? — दुकानदार वाचक, बार्शी

फॉरमॅट म्हणजे ड्राइव्ह पुसून कोरा करणे, त्याची घाई नको. डीफ्रॅगचीही नको, त्याआधी दोन गोष्टी पाहायच्या आहेत. पण डीफ्रॅग म्हणजे काय, ते अगोदर.

विंडोज हार्ड डिस्कवरची जागा छोट्या कप्प्यांत वाटते. एनटीएफएस (फाइली मांडायची एक्सपीची नेहमीची पद्धत) यात हा कप्पा साधारणपणे ४ केबीचा असतो, त्याला क्लस्टर म्हणतात. हिशेबाची फाइल रोज थोडी वाढते. वाढायची वेळ येते तेव्हा शेजारचा कप्पा दुसऱ्या कुठल्या फाइलने घेतलेला असतो, म्हणून पुढचा भाग जिथे रिकामे सापडेल तिथे जातो. असे वर्षभर झाले की एका फाइलचे शेकडो तुकडे डिस्कभर पसरतात. फाइल खराब होत नाही, फक्त वाचायला वेळ लागतो.

किती वेळ, याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग हेडखाली, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. हेड जागेवर सरकायला आणखी ९ च्या आसपास. म्हणजे तुकडा बदलला की १३ मिलिसेकंद फुकट. ५ एमबीची फाइल सलग असेल आणि डिस्क सेकंदाला ५० एमबी वाचत असेल, तर ती ०.१ सेकंदात येते. त्याच फाइलचे ४०० तुकडे असतील तर निव्वळ धावाधावीत ५ सेकंद जातात. डीफ्रॅग हे तुकडे उचलून एका ओळीत लावतो. त्यापलीकडे तो काही करत नाही. व्हायरस काढत नाही, रॅम वाढवत नाही, बिघडलेली डिस्क सुधारत नाही.

आता त्या दोन गोष्टी. पहिली, रॅम. नेहमीची सगळी कामे उघडा, अर्धा तास वापरा आणि मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजरचा ‘परफॉर्मन्स’ हा भाग पाहा. ‘कमिट चार्ज’खाली ‘पीक’ असा आकडा असतो आणि ‘फिजिकल मेमरी’खाली ‘टोटल’. पीक हा टोटलपेक्षा बराच मोठा असेल, तर मशीन रॅम पुरत नाही म्हणून हार्ड डिस्कवर भागवते आहे. मग डीफ्रॅगने फरक नावापुरता पडेल. आणखी ५१२ एमबीची कांडी टाकली तर लगेच जाणवेल. कांडी घेताना जुनी काढून सोबत न्या. डीडीआर आणि डीडीआर-२ या रॅमच्या दोन प्रकारांची खाच वेगळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

दुसरी, डिस्कची तब्येत. ती कशी पाहायची हे खाली टकटक आवाजाच्या प्रश्नात आहे. तब्येत ठीक नसेल तर पुढचे काहीही करू नका.

दोन्ही ठीक निघाले, तर क्रम असा ठेवा.

आधी हिशेबाच्या फोल्डरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप धरायचा नाही.

मग जागा मोकळी करा. एक्सपीच्या डीफ्रॅगला ड्राइव्हवर निदान १५ टक्के जागा रिकामी लागते, कारण फाइल सलग मांडायला तेवढी सलग मोकळी जागा आधी हाताशी हवी. ४० जीबीच्या सी ड्राइव्हला ६ जीबी. जागा कुठे अडकते ते पाहिले तर नवल वाटेल: एक्सपी रीसायकल बिनसाठी ड्राइव्हचा १० टक्के भाग आणि सिस्टिम रीस्टोअरसाठी (मशीन आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) १२ टक्क्यांपर्यंत भाग धरून बसते. म्हणजे ४० जीबीत या दोघांचेच पावणेनऊ जीबी होऊ शकतात. माय कॉम्प्युटरमध्ये सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधून ‘डिस्क क्लीनअप’ चालवा आणि त्यातच ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये जाऊन शेवटचा सोडून बाकीचे रीस्टोअर पॉइंट काढा. मात्र क्लीनअपच्या यादीतल्या ‘कॉम्प्रेस ओल्ड फाइल्स’वर टिक करू नका. एनटीएफएसवर दाबून ठेवलेल्या फाइलींचे तुकडे जास्तच होतात. म्हणजे एका हाताने आवरायचे आणि दुसऱ्याने पसरायचे. सफाई डीफ्रॅगच्या आधीच करायची. नंतर केली तर नुकत्याच लावलेल्या ओळीत पुन्हा भोके पडतात.

मग त्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘टूल्स’खाली ‘चेक नाऊ’. दोन चौकटींपैकी वरची, ‘ऑटोमॅटिकली फिक्स’वाली, टिक करा. आत्ता जमणार नाही, रीस्टार्टला करू का, असे विंडोज विचारेल. हो म्हणा आणि रीस्टार्ट करा.

आता डीफ्रॅग. स्टार्ट, प्रोग्राम्स, ॲक्सेसरीज, सिस्टिम टूल्स, डिस्क डीफ्रॅगमेंटर. सगळे प्रोग्राम बंद, अँटिव्हायरसचे ठरलेले स्कॅन त्या वेळेला नको, पॉवर ऑप्शन्समध्ये स्टँडबाय ‘नेव्हर’. आधी ‘ॲनालाइझ’ दाबा. पट्टीत लाल रंग तुकडे झालेल्या फाइलींचा, निळा सलग फाइलींचा, पांढरा रिकाम्या जागेचा आणि हिरवा हलवता न येणाऱ्या फाइलींचा. ‘व्ह्यू रिपोर्ट’मध्ये सर्वाधिक तुकडे झालेल्या फाइलींची यादी येते. तिथे तुमची हिशेबाची फाइल वरच्या ओळींत असेल तर डीफ्रॅगचा उपयोग होणार, हे नक्की. नंतर ‘डीफ्रॅगमेंट’. पहिल्यांदा करत असाल तर काही तास धरा. दुकान बंद केल्यावर लावलेले बरे. संपल्यावर लाल उरलेच, तर एकदा आणखी चालवा. तिसऱ्या फेरीत हाती काही लागत नाही.

पुढे दर आठवड्याला करायची गरज नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फक्त ॲनालाइझ करा, विंडोज ‘गरज नाही’ म्हणाली तर तिथेच सोडा. आणि एक्सपीचा सुरक्षा-पाठिंबा एप्रिल २०१४ मध्येच संपला आहे, तेव्हा हिशेबाच्या या मशीनला इंटरनेटची वायर न जोडलेलीच चांगली.

प्रश्न : एक्सपीवर रात्री डीफ्रॅग लावला, सकाळी पाहिले तर ३ टक्के. डिस्क ४० जीबीचीच आहे. माउससुद्धा अडखळत हलतो. असे का? — वाचक, कराड

माउस अडखळतो, ही तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ. तुमची डिस्क बहुधा पीआयओ पद्धतीत गेली आहे.

जुन्या आयडीई, म्हणजे चपट्या केबलने जोडायच्या, डिस्कचा डेटा पोचवायच्या दोन पद्धती. डीएमए पद्धतीत डेटा परस्पर रॅममध्ये जातो आणि प्रोसेसर मोकळा राहतो. पीआयओ पद्धतीत एकेक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागतो. वाटेत चुका होऊ लागल्या की एक्सपी खबरदारी म्हणून डीएमएचा वेग पायरीपायरीने उतरवते आणि अशा सहा चुकांनंतर थेट पीआयओवर येऊन बसते. खरी खोच अशी, की ती आपण होऊन परत वर चढत नाही. दोन वर्षांपूर्वी केबल सैल होऊन झालेल्या चुकांची शिक्षा मशीन आजही भोगत असते.

खात्री करा: माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. तिथे ‘आयडीई कंट्रोलर्स’ उघडून ‘प्रायमरी आयडीई चॅनल’वर दोनदा क्लिक आणि ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’. ‘करंट ट्रान्स्फर मोड’पुढे ‘अल्ट्रा डीएमए मोड ५’ किंवा निदान ‘४’ असायला हवे. ‘पीआयओ मोड’ दिसले तर चोर सापडला. टास्क मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो कर्नल टाइम्स’ लावलेत तर डीफ्रॅग चालू असताना आलेखात लाल रेघ वर चढलेली दिसेल. प्रोसेसर डिस्कची हमाली करतो आहे, असा त्याचा अर्थ.

उपाय: डीफ्रॅग ‘स्टॉप’ करा. डिव्हाइस मॅनेजरमध्येच प्रायमरी आयडीई चॅनलवर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’. घाबरायचे कारण नाही, डेटाला धक्का लागत नाही. रीस्टार्ट झाल्यावर विंडोज चॅनल नव्याने ओळखते. पुन्हा एकदा रीस्टार्ट मागेल तर करा. मग मोड परत पाहा.

चार दिवसांत पुन्हा पीआयओ झाले तर चुका अजून चालू आहेत, आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा चपट्या केबलमध्ये असते. तिथे ८० तारांचीच केबल हवी. तिची टोके ४० पिनांचीच असतात, पण तारा बारीक आणि दाट दिसतात, कारण प्रत्येक सिग्नलच्या तारेशेजारी एक अर्थिंगची तार असते. जुनी ४० तारांची जाड केबल वेगवान डीएमएला चालत नाही. निळे टोक मदरबोर्डला, दुसऱ्या टोकाचे काळे हार्ड डिस्कला, मधले करडे असलेच तर दुसऱ्या उपकरणाला. लांबी ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, घडी घालून रबर लावलेली तर मुळीच नको. केबल बदलूनही मोड घसरला, तर डिस्कवरच संशय घ्या.

प्रश्न : सकाळी डिस्क सुरू होताना टक-टक-टक असा आवाज येतो, मग विंडोज येते. काही फोटो उघडत नाहीत. डीफ्रॅगने हे सुधारेल का? — वाचक, चिपळूण

नाही. आणि करूच नका.

डीफ्रॅग जवळजवळ प्रत्येक तुकडा वाचून दुसरीकडे पुन्हा लिहितो, हेड तासन्‌तास इकडून तिकडे धावत राहते. आजारी डिस्कला हा व्यायाम झेपत नाही, आणि न उघडणारे चार फोटो उद्या चारशे होतात.

आधी कामाचे सगळे बाहेर काढा. छोट्या आणि पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी आधी: कागदपत्रे, हिशेब, घरचे फोटो. सिनेमे शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडली तर ती सोडून पुढे जा, तिच्या नादी लागून डिस्क घासत बसू नका. ‘चेक नाऊ’मधली दुसरी, खराब सेक्टर (डिस्कवरचे सर्वांत छोटे कप्पे) शोधणारी चौकट डेटा बाहेर निघेपर्यंत वापरू नका, तीही अख्खी डिस्क घुसळते.

तब्येत पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरतो. त्यात डिस्क स्वतःबद्दल ठेवत असलेल्या नोंदी दिसतात. चार ओळी पाहायच्या. ‘०५’ म्हणजे खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. ‘सी५’ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर. ‘सी६’ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवे. सी५ वर आकडा असेल आणि तो दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरले. चौथी ओळ ‘सी७’. ती वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, वरच्या उत्तरातला. हे आकडे सुरुवातीला षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत येतात, तेव्हा ‘ए’ किंवा ‘एफ’ दिसले तर गोंधळू नका. ‘फंक्शन’ मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड फीचर’मध्ये ‘रॉ व्हॅल्यूज’ दशमानात बदलता येतात.

कोकणात दमटपणा फार. कॅबिनेटमधली जोडणीची टोके एकदा काढून पुन्हा घट्ट बसवून पाहायला हरकत नाही, पण डेटा निघाल्यावर.

प्रश्न : डीफ्रॅग पूर्ण होतो, पण ‘काही फाइली डीफ्रॅगमेंट करता आल्या नाहीत’ असे सांगतो. पट्टीत मधोमध हिरवे पट्टे तसेच राहतात. हे दोष आहेत का? — वाचक, परभणी

दोष नाहीत. हिरव्यात मुख्यतः विंडोजची पेजफाइल असते, म्हणजे रॅम कमी पडल्यावर वापरायची जागा. विंडोज चालू असताना ती सतत उघडी असते, म्हणून डीफ्रॅग तिला हात लावत नाही. हायबरनेट चालू असेल तर रॅमच्या आकाराएवढी आणखी एक फाइल असते. शिवाय एनटीएफएसची सूची, म्हणजे एमएफटी. रिपोर्टमध्ये तिचे दोन-तीन तुकडे दिसणे नेहमीचे आहे, त्यावर वेळ घालवू नका.

पेजफाइलचे मात्र बरेच तुकडे झाले असतील तर ती एकदा नीट मांडता येते. माय कॉम्प्युटर, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सखालचे सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीखाली ‘चेंज’. डी ड्राइव्ह असेल तर तात्पुरती पेजफाइल तिकडे ठेवा आणि सी वर ‘नो पेजिंग फाइल’ निवडून ‘सेट’ दाबा. सेट न दाबता ओके केले की बदल लागूच होत नाही, निम्म्या लोकांचे इथेच चुकते. रीस्टार्ट, मग सी चा डीफ्रॅग. नंतर सी वर ‘कस्टम साइझ’ घेऊन सुरुवातीचा आणि कमाल असे दोन्ही आकडे सारखे टाका. ५१२ एमबी रॅमला ७६८. आकार स्थिर राहिला की ती वाढत-आकसत नाही आणि पुन्हा तुकडे होत नाहीत. डी ड्राइव्ह नसेल आणि रॅम २५६ एमबीच असेल तर हा खटाटोप करू नका, मधल्या वेळात मशीन गुदमरेल. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला पेजडीफ्रॅग वापरा. तो विंडोज पूर्ण उघडण्याआधी हेच काम करतो, पण एक्सपीपर्यंतच.

हायबरनेट वापरत नसाल तर पॉवर ऑप्शन्समध्ये त्याची टिक काढा. फाइल लगेच जाते.

प्रश्न : पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट यांच्यासाठी विंडोज ९८ चे एक मशीन जपून ठेवले आहे. डीफ्रॅग १० टक्क्यांपर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावरून सुरू होतो. रात्रभर हेच. — छापखानावाले, इचलकरंजी

९८ चा डीफ्रॅग सोवळा आहे. काम चालू असताना डिस्कवर कोणीही काहीही लिहिले की तो पहिल्यापासून सुरू करतो, आणि दहा वेळा असे झाले की तुम्हालाच विचारतो, प्रोग्राम बंद करता का. तेव्हा लिहिणारा शोधायचा.

ऑफिस ९७ असेल तर पहिला संशय ‘फाइंड फास्ट’वर. हा प्रोग्राम स्टार्टअपमध्ये बसून गुपचूप फाइलींची सूची बनवत राहतो. स्टार्टअप फोल्डरमधून त्याचा शॉर्टकट काढून टाका. त्याच्यावाचून काही अडत नाही. दुसरा संशय स्क्रीनसेव्हरवर, तिसरा अँटिव्हायरसवर. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून यादीतले ‘एक्सप्लोरर’ आणि ‘सिसट्रे’ सोडून बाकी एकेक करून बंद करता येतात.

पण सरळ रस्ता म्हणजे सेफ मोड. मशीन सुरू होताना एफ-८ दाबा किंवा कंट्रोल दाबून धरा, यादीतून सेफ मोड निवडा. तिथे आधी ‘स्कॅनडिस्क’ची ‘स्टँडर्ड’ तपासणी, मग डीफ्रॅग. रंगीत चौकोनांचा नकाशा पाहायला मजा येते, पण ‘हाइड डिटेल्स’ ठेवले की काम जरा लवकर उरकते. आणि डॉस ६ च्या जुन्या फ्लॉपीवरचा डीफ्रॅग या मशीनवर कधीही चालवू नका. त्याला लांब नावे कळत नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या फाइलींची नावे आठ अक्षरांवर कापली जातील.

प्रश्न : आमच्याकडे लाइट कधीही जाते. डीफ्रॅगच्या मध्येच गेली तर डेटा जातो का? — वाचक, जिंतूर तालुका

एक्सपीपासून पुढे, एनटीएफएस असेल तर धोका कमी. तुकडा आधी नव्या जागी लिहिला जातो, मग नोंद बदलते, तोवर जुनी जागा तशीच असते. आणि नोंदीचा बदलही आधी एनटीएफएसच्या रोजमेळात (जर्नलमध्ये) चढतो. मध्येच लाइट गेली तर फाइल एक तर जुन्या जागी सापडते नाहीतर नव्या. पूर्ण हमी मात्र देता येत नाही, कारण वेग वाढवायला डिस्क काही लिखाण स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, थोपवून धरते आणि ते लाइटबरोबर जाते. फॅट-३२ ही जुनी मांडणी असलेल्या ९८ वर रोजमेळ नाही, तिथे धोका जास्त. लाइट आल्यावर स्कॅनडिस्क आपोआप चालते आणि बेवारस तुकडे ‘फाइल ००००’ अशा नावांनी सी ड्राइव्हवर ठेवते.

यूपीएसने बोंब मारली की ‘स्टॉप’ दाबा. हातातला तुकडा जागेवर ठेवून डीफ्रॅग थांबतो, त्यात कसलेही नुकसान नाही. मग नेहमीसारखे शटडाउन. यूपीएसच नसेल तर आदल्या दिवशीचा बॅकअप हाच यूपीएस.

प्रश्न : फोटो स्टुडिओ आहे. डी ड्राइव्हवर १२० जीबी लग्नांचे फोटो. त्याचा डीफ्रॅग दर महिन्याला करावा का? — वाचक, अहमदपूर

गरज नाही. फोटो एकदा लिहिला जातो आणि नंतर वाढत नाही, म्हणून त्याचे तुकडे फार होत नाहीत. झाले तरी एका फोटोमागे दोन-तीन. तुकडे होतात ते रोज वाढणाऱ्या फाइलींचे: हिशेब, आउटलुकचा मेल, अर्धवट डाउनलोड. अशी एखादीच फाइल त्रास देत असेल तर सिसइंटर्नल्सचा कॉन्टिग तेवढी एकच फाइल सलग करतो.

ड्राइव्ह गच्च भरून गेला असेल आणि खरेच आवरायचा असेल, तर सगळे दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, तपासा, डी फॉरमॅट करा आणि परत कॉपी करा. रिकाम्या ड्राइव्हवर फाइली एकामागून एक सलग बसतात. बहुतेक वेळा हे डीफ्रॅगपेक्षा लवकर होते, आणि दुसरी प्रत हातात राहते ती वेगळीच. लग्नाचे फोटो एकाच डिस्कवर ठेवणे तसेही धाडसाचे.

प्रश्न : विंडोज ७ मध्ये तो रंगीत नकाशाच नाही. ‘० टक्के फ्रॅगमेंटेड’ असे दाखवते, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या फाइलींचे तुकडे दिसतात. खोटे कोण बोलते? — वाचक, नाशिक

कोणीच नाही. नकाशा व्हिस्टापासून काढून टाकला. आणि ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांना विंडोज तुकडे मानतच नाही. ६४ एमबी वाचायला सव्वा सेकंदाहून जास्त लागतो, त्यात १३ मिलिसेकंदांची उडी म्हणजे एक टक्का. ती वाचवायला काही जीबीचा सिनेमा हलवायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार.

विंडोज ७ बुधवारी रात्री १ वाजता हे काम आपण होऊन करते. त्या वेळी मशीन बंद असले तर नंतर रिकामा वेळ पाहून करते. तुम्ही वेळ बदलू शकता, बंद करायची गरज नाही.

प्रश्न : ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामे केले की एक्सपी पळते, असे ऐकले. — वाचक, सोलापूर

उलटे आहे. सुरू होताना कोणत्या फाइली लागतात याची टिपणे तिथे असतात. त्यांच्या आधारे एक्सपी दर तीन दिवसांनी, मशीन रिकामे असताना, त्या फाइली जवळजवळ मांडून ठेवते. फोल्डर पुसले की पुढचे काही दिवस मशीन जास्तच रेंगाळते.

प्रश्न : जुन्या पीसीला एसएसडी लावली तर डीफ्रॅगचे काय? — वाचक, पणजी

एसएसडी डेटा चिपमध्ये ठेवते. तिच्यात हेड नाही, फिरणारी तबकडी नाही. कोणताही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मिळतो, मग तो कुठेही असो. त्यामुळे डीफ्रॅगने मिळत काही नाही, लिहिण्याची मर्यादा मात्र खर्ची पडते. पेनड्राइव्हचेही तेच.

विंडोज ७ एसएसडी ओळखून तिचा ठरलेला डीफ्रॅग बंद ठेवते. ८ आणि १० मध्ये तिथले ‘ऑप्टिमाइझ’ बटण एसएसडीवर वेगळे काम करते: पुसलेल्या जागांची माहिती तिला कळवते, त्याला ट्रिम म्हणतात. ते दाबायला हरकत नाही.

अडचण एक्सपीची आहे. तिला ट्रिम येत नाही, आणि ती पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. एसएसडीचे आणि नव्या हार्ड डिस्कचेही कप्पे ४ केबीच्या पटीत असतात, ६३ त्या पटीत बसत नाही. मग विंडोजचा एक कप्पा डिस्कच्या दोन कप्प्यांवर पडतो आणि प्रत्येक लिखाण दुप्पट होते. म्हणून एक्सपी टाकायचीच असेल तर आधी एसएसडी विंडोज ७ च्या मशीनला जोडून तिथे पार्टिशन करा. ते २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते. त्यावर एक्सपी टाकताना सेटअपला पार्टिशन पुसू देऊ नका, आहे तेच निवडा. ट्रिमच्या अभावी एसएसडीचा पंधरा-वीस टक्के भाग पार्टिशन न करता मोकळा सोडा. मदरबोर्डवर साटाची (एसएसडी जोडायच्या बारीक केबलची) जागाच नसेल तर आयडीईचा जोड लागतो आणि वेग आयडीईच्या मर्यादेतच राहतो, तरी जुन्या डिस्कची घरघर थांबते.